कोपराभोवतीचं संयोजी ऊतक: कंडरा, अस्थिबंध आणि संधिकोश खरंच वेगळे असतात का?

प्रश्न असा आहे: ‘मी फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विच्छेदनाच्या वेळी कोपराच्या बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध सुटा करायला घेतला, पण वरची कंडरा, तिच्याखालचा अस्थिबंध आणि त्याखालचा संधिकोश हे तीन थर वेगळे होईनातच. पुस्तकात तर ते तीन रंगांत तीन स्वतंत्र गोष्टी म्हणून दाखवले आहेत. माझा हात कच्चा की रचनाच तशी? शिवाय टेनिस एल्बोच्या, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्याच्या, एका रुग्णाच्या एमआरआय अहवालात अस्थिबंधाचाही उल्लेख होता. दुखणं कंडरेचं असताना तो कशासाठी?’

तुमचा हात कच्चा नाही. बाहेरच्या एपिकाँडाइलजवळ, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या अंगाला बोटांना लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्यापाशी, या तिघांचे तंतू एकमेकांत इतके मिसळलेले असतात की सुरी जिथून फिरवाल तिथे सीमा तयार होते. अनुभवी माणूस तिथे सुबक थर काढून दाखवतो, पण ते थर बऱ्याच अंशी त्याच्या सुरीने घडवलेले असतात. मात्र हे कोपराच्या सगळ्या बाजूंना सारखं लागू नाही, म्हणून एकेक बाजू घेऊन सांगतो. दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्यातच आहे.

आधी मूळ द्रव्याबद्दल. कंडरा स्नायूला हाडाशी जोडते, अस्थिबंध हाडाला हाडाशी जोडतो, संधिकोश सांध्याला वेढतो आणि फॅशिया स्नायूंना गुंडाळून घेतो. कामं चार असली तरी सामान एकच आहे: पहिल्या प्रकारच्या कोलॅजनचे तंतू, ते तयार करणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी, थोडं इलॅस्टिन आणि पाणी धरून ठेवणारे प्रोटिओग्लायकन. ताज्या कंडरेच्या वजनात निम्म्याहून अधिक पाणी असतं आणि पाणी वगळलं तर उरलेल्यातला मोठा वाटा कोलॅजनचा. फरक पडतो तो तंतूंच्या दिशेत. कंडरेत ते जवळजवळ समांतर असतात, अस्थिबंधात जरा तिरपे आणि गुंतलेले, संधिकोशात अनेक दिशांना पसरलेले. ज्या दिशेने ताण येतो त्या दिशेने तंतू रचले जातात. ताणाची दिशा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाताना हळूहळू बदलते, त्यामुळे तंतूंची मांडणीही हळूहळूच बदलते. दोन नावांच्या मध्ये कुंपण सापडत नाही त्याचं कारण हे.

हे तंतू हाडात कसे शिरतात तेही लक्षात ठेवा, पुढे टेनिस एल्बोच्या वेळी उपयोगी पडेल. मऊ कंडरा एकदम कठीण हाडाला चिकटत नाही. आधी कंडरा, मग तंतुमय कूर्चा, मग कॅल्शियम साठलेली तंतुमय कूर्चा आणि शेवटी हाड, असे चार टप्पे लागतात. कडकपणा पायरीपायरीने वाढत जातो आणि ताण एका रेषेवर एकवटत नाही.

आता सांधा. कोपर म्हणताना आपण एक सांधा म्हणतो, पण एकाच संधिकोशात तीन सांधे आहेत: दंडाचं हाड ह्युमरस आणि करंगळीच्या बाजूचं अल्ना यांचा बिजागरीसारखा सांधा, ह्युमरस आणि अंगठ्याच्या बाजूचं रेडियस यांचा सांधा, आणि रेडियस-अल्ना यांचा आपसातला सांधा, जो हात उताणा-पालथा करताना फिरतो. संधिकोश पुढून आणि मागून पातळ आहे, बाजूंना जाड. पुढून-मागून तो पातळ असायलाच हवा, कारण कोपर पूर्ण सरळ स्थितीपासून साधारण 145 अंशांपर्यंत वाकतं. सरळ करताना पुढचा भाग ताणला जातो आणि मागचा दुमडतो, वाकवताना उलट. दुमडलेला कोश हाडांच्या मध्ये सापडू नये म्हणून पुढून ब्रेकिॲलिस स्नायूचे खोलातले काही तंतू आणि मागून ट्रायसेप्सचे काही तंतू थेट कोशालाच चिकटलेले असतात आणि हालचालीबरोबर त्याला ओढून घेतात. म्हणजे जिथे कोश सर्वांत पातळ आणि ‘निष्क्रिय’ वाटतो तिथेसुद्धा स्नायू त्याला मोकळं सोडत नाही.

प्रौढ माणसाच्या कोपराच्या कोशात साधारण 20 ते 30 मिलिलिटर द्रव मावतो. सर्वांत जास्त जागा असते ती कोपर 70 ते 80 अंशांत वाकलेलं असताना. सांध्यात रक्त किंवा पाणी साचलेला रुग्ण हात नेमका त्याच कोनात धरून येतो, कारण तिथे आतला दाब सर्वांत कमी असतो. दुर्दैवाने तोच कोन पुढे त्रास देतो. दुखापतीनंतर आठवडेच्या आठवडे हात तसाच बांधून ठेवला की पुढचा कोश जाड होतो, आक्रसतो, आणि आखडलेल्या कोपराच्या कोशात अवघे 6 मिलिलिटरच्या आसपास द्रव मावल्याची मोजमापं झालेली आहेत. त्यात मायोफायब्रोब्लास्ट नावाच्या आकुंचन पावू शकणाऱ्या पेशी वाढलेल्या सापडतात. कोपर इतर मोठ्या सांध्यांपेक्षा लवकर आखडतं, आणि साधं निखळलेलं कोपर जागेवर बसवल्यावर लवकर हालचाल सुरू करण्याचा आग्रह आम्ही धरतो तो यासाठी. तीन आठवड्यांहून जास्त काळ ते जखडून ठेवणं सहसा महागात पडतं.

कोशाचा तंतुमय थर आणि आतलं सायनोव्हियल अस्तर यांच्या मध्ये चरबीच्या लहान गाद्या असतात. त्यांतली मागची गादी एक्स-रेमध्ये एरवी दिसत नाही. दुखापतीनंतर ती दिसली, तर सांध्यात रक्त साचून तिला वर ढकललं आहे असं समजा आणि हाडातली बारीक भेग शोधा. कोपराच्या टोकावर, त्वचेखाली असलेल्या बर्साबद्दल, म्हणजे द्रवाच्या लहान पिशवीबद्दल, इथे जास्त लिहीत नाही. तिचा सांध्याच्या पोकळीशी संबंध नाही, एवढं पुरे.

आता बाहेरची बाजू. इथे सावकाश जाऊ या. पुस्तकात बाहेरच्या बाजूला एक अस्थिबंध नसून त्यांचा समूह सांगितलेला असतो. रेडियल कोलॅटरल अस्थिबंध एपिकाँडाइलपासून पंख्यासारखा खाली येतो आणि ॲन्युलर अस्थिबंधात विलीन होतो. ॲन्युलर अस्थिबंध अल्नाच्या खाचेच्या पुढच्या काठापासून निघून रेडियसच्या डोक्याला वळसा घालून मागच्या काठाला लागतो. पूर्ण वर्तुळाचा साधारण चार-पंचमांश भाग तो व्यापतो आणि उरलेला भाग अल्नाची खाच पुरा करते. तिसरा लॅटरल अल्नर कोलॅटरल अस्थिबंध एपिकाँडाइलपासून रेडियसच्या डोक्याच्या मागून तिरपा जातो आणि अल्नावरच्या सुपिनेटर कंगोऱ्यावर रुततो.

पण त्याच पुस्तकाचं स्नायूंचं प्रकरण उघडा आणि हात उताणा करणारा सुपिनेटर स्नायू कुठून उगम पावतो ते वाचा. बाहेरचा एपिकाँडाइल, रेडियल कोलॅटरल अस्थिबंध, ॲन्युलर अस्थिबंध आणि अल्नाचा कंगोरा! मनगट मागे वळवणाऱ्या एक्स्टेन्सर कार्पी रेडिॲलिस ब्रेव्हिसचा उगमही सामाईक कंडरेखेरीज रेडियल कोलॅटरल अस्थिबंधावरून आणि शेजारच्या स्नायूंमधल्या पडद्यांवरून दिलेला असतो. अस्थिबंधाची व्याख्या ‘हाडाला हाडाशी जोडणारा’ अशी करायची आणि पुढच्याच प्रकरणात त्याच्यावरून स्नायू उगवतो असं लिहायचं, यातला विरोध आपण विद्यार्थिदशेत पाठ करून ओलांडतो. तुमची सुरी नेमकी तिथेच अडकली, हे चांगलंच झालं.

या विरोधाकडे सरळ पाहिलं ते डच शरीररचनातज्ज्ञ याप फान डेर वाल यांनी. 1988 मधल्या मास्ट्रिख्टच्या त्यांच्या डॉक्टरेटच्या प्रबंधाचा विषयच कोपराच्या भागातल्या स्थितिज्ञानाची, म्हणजे न पाहताही अवयव कसा आहे हे कळण्याच्या जाणिवेची, रचना हा होता आणि 2009 मध्ये त्यांनी ती मांडणी विस्ताराने पुन्हा प्रसिद्ध केली. त्यांनी विच्छेदनाची पद्धतच उलटी केली. नेहमी आपण संयोजी ऊतक खरवडून काढतो आणि ‘स्वच्छ’ स्नायू उरवतो. त्यांनी संयोजी ऊतक राखलं आणि स्नायूंचे तंतू काढत नेले. तसं केल्यावर बाहेरच्या एपिकाँडाइलपासून निघणारे, खाली पसरत जाणारे घट्ट कोलॅजनचे पडदे उरले. हे पडदे म्हणजे स्नायूंच्या कप्प्यांच्या भिंती, आणि स्नायूतंतूंचे गट या भिंतींवरच सुरू होतात. पुस्तकात ‘अस्थिबंध’ म्हणून रंगवलेला भाग म्हणजे या पडद्यांचा सर्वांत खोल, हाडालगतचा भाग. मधून सुरी चालवली तर तो सुटा निघतो, पण सुटा करण्यासाठी त्यावर उगवलेले स्नायूतंतू कापावे लागतात.

याचा यांत्रिक अर्थ मोठा आहे. नेहमीची समजूत अशी की स्नायू आणि अस्थिबंध शेजारीशेजारी, समांतर काम करतात. स्नायू सांधा हलवतो, अस्थिबंध मात्र सैल पडून राहतो आणि हालचाल टोकाला गेली की ताठ होऊन तिला अडवतो. फान डेर वाल यांच्या मते बाहेरच्या बाजूला ते एकापुढे एक जोडलेले आहेत: हाड, मग कोलॅजनचा पडदा, मग स्नायूतंतू, मग पुन्हा कोलॅजन आणि पुढचं हाड. अशा जोडणीत स्नायूने जरासा ताण धरला की पडदाही ताणला जातो, कोपर कुठल्याही कोनात असो. अस्थिबंधाला टोकाची वाट पाहावी लागत नाही. याच कामात त्यांनी उंदरांच्या कोपराभोवती ताण आणि हालचाल टिपणाऱ्या मज्जासंवेदकांची जागा तपासली. स्नायू आणि अस्थिबंध अशा दोन वेगळ्या खात्यांत वाटलेले असण्याऐवजी ते स्नायूतंतू आणि कोलॅजन जिथे भेटतात त्या पट्ट्यांत एकवटलेले दिसले. ताण जिथून पुढे सरकतो तिथेच तो मोजला जातो, हे मला अतिशय अर्थपूर्ण वाटतं.

बाहेरच्या बाजूपुरतं हे मला पटतं. शस्त्रक्रियेतही तेच दिसतं. कोपर निखळून फाटलेली बाहेरची बाजू उघडली तर अस्थिबंधांचा समूह बहुतेक वेळा ह्युमरसकडच्या टोकातून उपटून निघालेला असतो आणि पुष्कळदा सामाईक एक्स्टेन्सर कंडराही त्याच्याबरोबर सोलून आलेली असते. शिवताना दोघांना एकाच पट्ट्यासारखं धरून हाडावर बसवावं लागतं.

पण त्यावरून ‘अस्थिबंध असं काही नसतंच, सगळा फॅशिया आहे’ असं म्हणणारे लोक हल्ली वाढले आहेत आणि त्यांच्याशी मी सहमत नाही. 1991 मध्ये शॉन ओड्रिस्कॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोपराच्या अस्थिरतेचा एक प्रकार वर्णिला. त्यात रेडियस आणि अल्ना दोन्ही मिळून ह्युमरसपासून बाहेर-मागे गरकन फिरतात. कारण म्हणून त्यांनी लॅटरल अल्नर अस्थिबंधाच्या दुबळेपणाकडे बोट दाखवलं. तो तपासण्याची चाचणी भूल दिलेल्या रुग्णावर केली तर सांधा डोळ्यांदेखत सरकतो. तीच चाचणी जाग्या रुग्णावर केली तर बहुधा काही सरकत नाही, रुग्ण फक्त घाबरून हात आवळून धरतो. या एकाच चाचणीत दोन्ही गोष्टी दिसतात. स्नायू झोपले की सांधा सांभाळण्याचं काम फक्त कोलॅजनवर येतं आणि ते फाटलं असेल तर उघडं पडतं. स्नायू जागे असतील तर ते फाटलेल्या पडद्याचं उरलेलं टोक ताणून वेळ निभावून नेतात. उपचारात याचा फायदा घेता येतो. बाहेरची बाजू दुबळी असेल तर सुरुवातीच्या हालचाली हात पालथा ठेवून करायच्या, कारण त्या स्थितीत सांधा जास्त स्थिर राहतो. आतली बाजू दुबळी असेल तर हात उताणा ठेवायचा. आणि दुसऱ्याने हात हलवण्यापेक्षा रुग्णाने स्वतः हलवणं अधिक सुरक्षित.

आता तुमच्या एमआरआयच्या प्रश्नाकडे. टेनिस एल्बोमध्ये मुख्य बिघाड एक्स्टेन्सर कार्पी रेडिॲलिस ब्रेव्हिसच्या उगमापाशी असतो. रॉबर्ट निर्शल यांनी 1979 मध्ये शस्त्रक्रियेतल्या नमुन्यांचं वर्णन केलं तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली दाहाच्या पेशी फारशा नव्हत्या. विस्कटलेलं कोलॅजन, अपरिपक्व फायब्रोब्लास्ट आणि आत घुसलेल्या बारीक रक्तवाहिन्या होत्या. म्हणजे हा पेटलेल्या कंडरेचा आजार नाही, दुरुस्ती अर्धवट राहिलेल्या कंडरेचा आहे. आणि या कंडरेचा खोल पदर जर रेडियल कोलॅटरल अस्थिबंधात आणि कोशात मिसळलेला असेल, तर बिघाड वरच्या थरात थांबेल कसा? जुनाट आणि तीव्र टेनिस एल्बोत अस्थिबंधही जाडावलेला किंवा अंशतः फाटलेला दिसणं नवलाचं नाही. तुमच्या रुग्णाच्या अहवालात दुसरा आजार आलेला नाही, त्याच आजाराची खोली आली आहे.

तरी त्या ओळीकडे दुर्लक्ष करू नका. रुग्णाला विचारा: खुर्चीच्या हातांवर तळवे टेकून उठताना कोपर सटकल्यासारखं वाटतं का? आत कट्‌ असा आवाज येतो का? उत्तर होय असेल तर अस्थिरतेची तपासणी झालीच पाहिजे. अशा कोपरात स्टेरॉइडची सुई पुन्हापुन्हा देणं मला धोक्याचं वाटतं. सुईने पहिले काही आठवडे आराम पडतो हे खरं, पण 2010 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या आढाव्यात टेनिस एल्बोमध्ये हा फायदा टिकत नाही आणि पुढच्या महिन्यांत सुई घेतलेल्यांची स्थिती इतर उपचार घेतलेल्यांहून मागे पडते असंच दिसलं. वारंवार सुया घेतलेल्या रुग्णांमध्ये बाहेरच्या अस्थिबंधाचा दुबळेपणा आढळल्याच्या नोंदीही आहेत. शस्त्रक्रियेतही हाच सावधपणा लागतो. कंडरेचा बिघडलेला भाग काढताना सुरी रेडियसच्या डोक्याच्या मध्यरेषेपुढेच राहिली पाहिजे. मागे सरकली तर लॅटरल अल्नर अस्थिबंध कापला जातो आणि दुखणारं कोपर सटकणारं कोपर होऊन बसतं.

व्यायामाचं गणितही या रचनेतून सुटतं. आपण मूठ आवळतो तेव्हा बोटं वाकवणारे स्नायू मनगटही वाकवू पाहतात. ते रोखण्यासाठी मनगट मागे धरणारे स्नायू प्रत्येक पकडीबरोबर काम करतात, म्हणून मनगट न हलवता नुसती पिशवी उचलली तरी कोपराच्या बाहेर कळ येते. कोलॅजनची नवी जुळणी ताणाच्या दिशेने होते, तेव्हा पूर्ण विश्रांतीत तिला दिशाच मिळत नाही. सहन होईल एवढ्या वजनाने, संथपणे, दोन वेळांमध्ये पुरेसं अंतर ठेवून ताण देणं हाच मार्ग. भार दिल्यावर कंडरेत कोलॅजन तयार होण्याचा वेग दोन-तीन दिवस वाढलेला राहतो, मात्र पहिल्या दिवसात मोडतोड त्याहूनही जास्त चालू असते. जड भार रोज देऊ नये तो यासाठी.

आतल्या बाजूला चित्र पालटतं. इथल्या अल्नर कोलॅटरल अस्थिबंधाचे तीन भाग सांगतात: पुढचा पट्टा, मागचा पट्टा आणि आडवा. आडवा भाग अल्नापासून अल्नापर्यंतच जातो, त्यामुळे सांधा सांभाळण्यात त्याचा वाटा नगण्य. मागचा पट्टा पंख्यासारखा आणि पातळ. खरा आधार पुढचा पट्टा. आतल्या एपिकाँडाइलच्या खालच्या-पुढच्या भागापासून निघून तो अल्नावरच्या सब्लाइम ट्यूबरकल या लहान उंचवट्यावर रुततो. विच्छेदनात तो दोरीसारखा बोटाला लागतो आणि बाहेरच्या बाजूपेक्षा कितीतरी सहज सुटा होतो. त्याचे पुढचे तंतू कोपर सरळ असताना ताठ, मागचे वाकलेलं असताना ताठ, असं आळीपाळीने काम चालतं. बर्नार्ड मॉरी आणि काय-नान आन यांनी 1983 मध्ये मोजलं तेव्हा कोपर काटकोनात असताना हात बाहेरच्या दिशेला उघडण्याला होणाऱ्या विरोधातला सुमारे 54 टक्के वाटा या आतल्या अस्थिबंधाचा निघाला, कोपर सरळ असताना सुमारे 31 टक्के.

हे पाहून वाटेल की चला, इथे तरी पुस्तक जिंकलं. पण बेसबॉलच्या गोलंदाजांचे आकडे पाहा. चेंडू फेकण्याच्या ऐन क्षणी त्यांच्या कोपरावर येणारं पीळबल 64 न्यूटन-मीटरच्या घरात मोजलं गेलं आहे, आणि शवाच्या कोपरात हा अस्थिबंध एकटा ताणला तर तो साधारण 32 ते 34 न्यूटन-मीटरला तुटतो. एकट्यावर सगळा भार असता तर प्रत्येक फेकीला तो तुटायला हवा होता. उरलेला भार हाडांचा आकार घेतो आणि त्यावरून जाणारे मनगट वाकवणारे, हात पालथा करणारे स्नायू घेतात. अलीकडे जपानमधल्या शरीररचनातज्ज्ञांनी तर दाखवलं आहे की पुढचा पट्टासुद्धा वरच्या स्नायूंमधल्या कंडरामय पडद्यांशी आणि कोशाशी जोडलेला आहे. बाहेरच्या मानाने आत सीमा अधिक ठळक असल्या तरी तुटकपणा इथेही नाही. गोलंदाजांचा हा अस्थिबंध तुटला तर दुसऱ्या कंडरेने तो नव्याने बांधावा लागतो. फ्रँक जोब यांनी 1974 मध्ये टॉमी जॉन या खेळाडूवर अशी पहिली शस्त्रक्रिया मनगटाकडच्या पामेरिस लाँगसची कंडरा वापरून केली. जागा बदलल्यावर कंडरा अस्थिबंधाचं काम निभावते, कारण द्रव्य तेच आहे.

याच बाजूने अल्नर मज्जातंतू जातो, कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या नेणारा. तो ज्या बोगद्यातून जातो त्याची जमीन म्हणजे आतल्या अस्थिबंधाचा मागचा पट्टा आणि संधिकोश, आणि छत म्हणजे जेफ्री ऑस्बर्न यांच्या नावाने ओळखला जाणारा तंतुमय पट्टा. कोपर वाकवलं की छत ताणून खाली दबतं, जमीन फुगून वर येते आणि मधल्या मज्जातंतूवर दाब वाढतो. हात दुमडून झोपणाऱ्यांच्या करंगळीला रात्री मुंग्या येतात त्याचं मूळ बहुतेकदा इथे असतं. इथे कोलॅजन सांधा धरून ठेवता ठेवता शेजाऱ्याची वाट अरुंद करतं.

पुढच्या बाजूला बायसेप्सची कंडरा खोल जाऊन रेडियसच्या उंचवट्यावर रुतते हे सगळ्यांना माहीत असतं. तिच्या आतल्या कडेपासून निघणारा पातळ पण चिवट पदर मात्र दुर्लक्षित राहतो. तो तिरपा आत जातो आणि पुढच्या हाताच्या फॅशियात विरून जातो. कोपराच्या खळगीत शिरेतून रक्त काढताना सुई आणि खालची ब्रेकियल धमनी यांच्या मध्ये हाच पदर असतो, मीडियन मज्जातंतूही त्याच्याखालीच. बायसेप्सची मुख्य कंडरा तुटली आणि हा पदर शाबूत राहिला तर स्नायू फारसा वर सरकत नाही, दंडाचा आकार ठीक दिसतो आणि निदान हुकतं. अशा वेळी हात उताणा करून कोपर काटकोनात ठेवायला सांगा आणि बाहेरच्या बाजूने तर्जनी कंडरेखाली अडकवून पाहा. आतल्या बाजूने बोट घातलंत तर ते या पदराखालीच अडकेल आणि फसवेल.

ॲन्युलर अस्थिबंधाकडे पुन्हा एकदा येतो, कारण लहान मुलांच्या पालकांना त्याची नेहमी गाठ पडते. पाचेक वर्षांखालच्या मुलाचा हात धरून झटक्याने ओढला तर रेडियसच्या डोक्यावरून हा वळसा निसटून सांध्यात अडकतो. मूल हात पालथा, लुळा धरून बसतं. हाड निखळलेलं नसतं. जाणकार हाताने एका फिरवणीत तो जागेवर जातो आणि मूल थोड्या वेळात खेळायला लागतं. दोन्ही हाडांमधला इंटरऑसियस पडदा कोपरापासून दूर सुरू होत असला तरी कोपराशी त्याचा संबंध आहे. त्याचे मुख्य तंतू रेडियसपासून खाली अल्नाकडे तिरपे जातात. मनगटावर आलेल्या भारातला साधारण 80 टक्के भाग रेडियस घेतं, पण कोपरापर्यंत पोहोचताना ती वाटणी साधारण 60 आणि 40 इतकी सैलावते. मधला फरक या पडद्यातून अल्नाकडे वळतो. म्हणून रेडियसचं डोकं चुरडलं असेल आणि मनगटही दुखत असेल, तर पडदा फाटलाय का हे पाहिल्याखेरीज ते डोकं काढून टाकू नये.

तोंडी परीक्षेत काय सांगायचं, हाही प्रश्न तुमच्या मनात असणार. आतल्या-बाहेरच्या दोन्ही बाजूंच्या अस्थिबंधांची नावं, उगम आणि शेवट पुस्तकात आहेत तसेच सांगा. शल्यचिकित्सकाला आणि एमआरआय वाचणाऱ्याला एकमेकांशी बोलायला तीच नावं लागतात. त्यानंतर बाहेरच्या बाजूबद्दल एक वाक्य जोडा: सुपिनेटर आणि एक्स्टेन्सर कार्पी रेडिॲलिस ब्रेव्हिस हे अस्थिबंधावरूनही उगम पावतात, त्यामुळे त्यांच्या ताणाने अस्थिबंध ताणला जातो. चांगला परीक्षक तिथे थांबून पुढचा प्रश्न विचारेल.

आणि पुढच्या विच्छेदनात क्रम बदलून पाहा. मनगटाकडून सुरुवात करा, एक्स्टेन्सर स्नायू एकेक करून वर सोलत आणा, त्यांच्यामधले पडदे मात्र कापू नका. एपिकाँडाइलच्या जवळ आलात की सुरी बाजूला ठेवून बोथट चिमट्याने फक्त लाल तंतू वेचून काढा. मग सांधा मागून उघडा, आतून रेडियसच्या डोक्याकडे पाहा, आणि सहकाऱ्याला उरलेले पडदे मनगटाच्या दिशेने हलकेच ओढायला सांगा. कोशाची आतली बाजू रेडियसच्या डोक्याभोवती घट्ट होताना दिसेल.